सीसीआयचं कापूस खरेदी केंद्र : भाव चांगला, गिऱ्हाईक लहरी

आधी गुण देऊन टाकू. भाव : पाचपैकी चार. वजनकाटा : चार. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे मिळणं : साडेतीन. वेळ आणि खेटे : दीड. पुढच्या वर्षीही हे गिऱ्हाईक अशाच भावानं दारात उभं राहील का, या भरवशाला : एक. हे कुठल्याही एका केंद्राचं परीक्षण नाही. कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपलं सीसीआय, या केंद्र सरकारच्या कंपनीनं अकोला शाखेमार्फत विदर्भातल्या जिनिंगांवर (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांवर) २०२५-२६ च्या हंगामात जी खरेदी केली, त्या सेवेचं आहे. आणि सरकारला बाजारातला एक व्यापारी समजून केलं आहे. मायबाप म्हणून हात जोडणाऱ्यांना यातलं बरंचसं रुचणार नाही.

पाटीवरचा भाव, म्हणजे सरकारनं ठरवलेला हमीभाव बघा. २०२५-२६ ला मध्यम धाग्याला ७७१०, लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल होता. आदल्या हंगामात हेच आकडे ७१२१ आणि ७५२१ होते. ८११० मिळायला धागा २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा आणि पक्वता दाखवणारा आकडा) ३.५ ते ४.३ लागतो, खालच्या पायऱ्यांना पन्नास-शंभरानं कमी. आपल्याकडचे बीजी-दोन (बोंडअळीविरोधी जनुकं घातलेले) वाण पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बहुतेक वरच्या पायऱ्यांत बसतात. शेवटच्या वेचणीतलं बोंड कच्चं असतं, मायक्रोनेअर घसरतो, त्यात कवडी (किडका, नीट न फुललेला कापूस) आणि पालाकचरा आला की ग्रेडर, म्हणजे माल तपासणारा माणूस, अख्ख्या गाडीचा दर्जा उतरवतो. गाडीच्या वरच्या थरात चांगला माल आणि पोटात शेवटचा वेचा, ही युक्ती आता कोणी खपवून घेत नाही. रिकामी करताना ढीग फुटतो आणि तिथंच वाद सुरू होतो. वेचण्या वेगळ्या ठेवाव्यात. घरात जागा नसेल तर मधे एक आडवी ताडपत्री बांधली तरी दोन गंज्या वेगळ्या राहतात. प्लॅस्टिकच्या खताच्या पोत्यात कापूस भरू नये. त्याचे धागे सुटून कापसात जातात आणि जिनिंगवाला ते लगेच ओळखतो.

खरा खेळ ओलाव्याचा आहे. पाटीवरचा भाव आठ टक्के ओलाव्यासाठी असतो. आठच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापतात, म्हणजे ८११० वर ८१ रुपये १० पैसे. बाराच्या वर गेलं की गाडी परत. हिशेब करा : नऊ टक्क्यांना ८०२८.९०, दहाला ७९४७.८०, अकराला ७८६६.७०, बाराला ७७८५.६०. साडेबाराला शून्य, आणि वर गाडीभाडं.

इथं बहुतेकांची एक समजूत चुकते. आठ टक्क्यांवर आणण्यासाठी चार-चार दिवस कापूस अंगणात पसरतात, राखण करतात, मजूर लावतात. पण सुकताना वजनही जातं. बारा टक्के ओलाव्याच्या शंभर किलो कापसात कोरडा माल ८८ किलो असतो. तो नऊ टक्क्यांवर आणला की एकूण वजन ९६ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याला ८०२८.९० चा भाव लावा, हातात येतात सुमारे ७७६४ रुपये. न सुकवता बारा टक्क्यांनीच घातला असता तर ७७८५. म्हणजे घाम गाळून वीसेक रुपये कमीच. कपात आणि घट जवळजवळ सारखी आहे, म्हणून आठच्या मागे धावण्यात पैसा नाही. पैसा आहे तो बाराच्या आत राहण्यात. मीटर-मीटरमध्ये फरक पडतो, वाटेत दव धरतं, रांगेत रात्र निघते, म्हणून घरून निघताना साडेदहाच्या आसपास असलेला माल सगळ्यात सोयीचा.

साडेदहा आणायला मोठी यंत्रणा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास सकाळी बोंडावर दव असतं. वेचणी दहानंतर सुरू केली तर निम्मं काम झालं. मजूर सकाळी सातलाच शेतात उतरतो, उन्हाच्या आत वजन उरकायचं असतं, शिवाय ओल्या कापसाचं वजन जास्त आणि वेचाई किलोवर, त्यामुळे त्याचा कल उलटा असतो. यावर एकच उपाय : सकाळी वेचलेला आणि दुपारी वेचलेला कापूस वेगळा मांडावा, सकाळचा त्याच दिवशी पसरावा. थर वीतभरापेक्षा जाड नको, दुपारी एकदा हातानं परतावा. मीटर नसेल तर सरकी दाताखाली धरून बघा : कटकन फुटली तर माल वाळला, चिवटपणे दबली तर अजून ओल आहे. बारा आणि तेरातला फरक मात्र दातांना कळत नाही. त्यासाठी गावात चार-पाच जणांनी मिळून एक सुईचं मीटर घेतलेलं परवडतं.

मीटरबद्दल एक गोष्ट केंद्रावरचे लोक सांगत नाहीत, विचारलं तरच सांगतात. सुईचं मीटर कापसातून वीज किती सहज जाते ते मोजतं. कापूस दाबून धरला की आकडा चढतो, सैल धरला की उतरतो. ट्रॉलीच्या तळाशी दडपलेल्या मालात सुई खुपसली तर त्याच कापसाचा आकडा वरच्या थरापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून एकाच जागेचं वाचन मान्य करू नये. वर, मधे, खाली, दोन्ही बाजूंना, अशी चार-पाच वाचनं घ्यायला लावावीत आणि सरासरी धरायला सांगावी. हे मागणं उद्धटपणा नाही, आणि बहुतेक ग्रेडर ऐकतातही. रात्री रांगेत उभं राहायची वेळ आली तर ताडपत्री गच्च आवळू नये. दिवसा तापलेला कापूस आतून वाफ सोडतो आणि तीच पाणी होऊन वरच्या थरात उतरते. बाजूनं हवा खेळती ठेवावी, फक्त वरचं दव अडवावं.

आता कागद. २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी केल्याशिवाय केंद्रात गाडी शिरत नाही. लागतं ते असं : आधार, त्याला जोडलेला मोबाइल, सातबारा, आणि सातबाऱ्यावर कापसाचा पेरा. हा पेरा ई-पीक पाहणीतून (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीतून) चढतो, त्यामुळे कापसाच्या विक्रीची तयारी ऑगस्टमध्येच सुरू होते. तेव्हा पाहणी राहिली की नोव्हेंबरात तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नोंदणी झाली की बाजार समिती ती तपासून मंजूर करते, मग दिवस आणि वेळ, म्हणजे स्लॉट, घ्यायचा. हे स्लॉट पुढच्या थोड्याच दिवसांचे उघडतात आणि जवळच्या केंद्राचे लवकर संपतात. एकरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा जिल्ह्याच्या सरासरी उत्पादनावरून ठरते आणि हंगामात बदलते. गाडी भरण्याआधी त्या दिवसाचा आकडा बाजार समितीत विचारून घ्यावा. सरासरीपेक्षा चांगलं पीक काढलं तर वरचा माल खासगीत. मेहनतीला दंड असा नियमातच बसवलेला आहे.

चुकारा आधार जोडलेल्या खात्यात थेट येतो. पैसे ‘गायब’ झाल्याच्या तक्रारींत बऱ्याचदा पैसे गायब नसतात, दुसऱ्याच खात्यात गेलेले असतात. आधारवरचं सरकारी पैसे येण्याचं ठिकाण म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेलं खातं. कुठल्या तरी योजनेसाठी घरातल्या बाईच्या नावानं पोस्टात नवं खातं उघडलं, सातबारा तिच्याच नावावर, की कापसाचे पैसे तिकडे. विक्रीआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला लागलं आहे ते बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.

या सगळ्या कागदी चाळणीत सगळ्यात वाईट हाल दुसऱ्याची जमीन मक्त्यानं (भाड्यानं) किंवा बटईनं (वाट्यानं) करणाऱ्याचे. पेरा त्याचा, खत त्याचं, सातबारा मालकाचा. मालक नागपूर-पुण्यात. कापूस एकाच्या अंगणात आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, हा सौदा तोंडी भरवशावर होतो. दुसरीकडे गावोगाव खेडा खरेदी करणारा व्यापारी सात हजारानं कापूस उचलतो आणि ओळखीतल्या सातबाऱ्यांवर तोच माल हमीभावानं घालतो. ज्या बाजारात एकाच वस्तूचे दोन भाव असतात तिथं मधला फरक कागद जमवू शकणाऱ्याला मिळतो, शेतकऱ्याला नाही. ॲप आणलं, आधार लावलं, तरी हे बंद होत नाही, कारण फट कागदात नाही, दोन भावांत आहे.

तरीही हिशेबानं बोलायचं तर २०२५-२६ ला सीसीआयला घालणं फायद्याचं होतं, हे कबूल करावं लागेल. दिवाळीच्या सुमारास खासगीत भाव सात हजारांच्या आसपास होता. वीस क्विंटल माल, दहा टक्के ओलावा : सीसीआयकडे १,५८,९५६ रुपये. खासगीत ७१०० धरले तर १,४२,०००. फरक जवळपास सतरा हजार. यातून जास्तीचं गाडीभाडं, गाडी थांबली तर खोळंब्याचे पैसे, भरणं-उतरवणं आणि चुकारा येईपर्यंतचं सावकाराचं व्याज वजा करा. चाळीस-पन्नास किलोमीटरवरचं केंद्र असलं तरी बऱ्यापैकी रक्कम उरते. पाच-सहा क्विंटलच माल असेल आणि गाडी पूर्ण भाड्यानं करावी लागत असेल तर गणित बिघडतं. तेव्हा दोघा-तिघांनी एकाच दिवसाचे स्लॉट घेऊन एकच गाडी करावी. प्रत्येकाचा माल वेगळा मोजला आणि वेगळा तपासला जाईल हे गाडी भरण्याआधी केंद्रावर विचारून घ्यावं.

मग भरवशाला एकच गुण का? कारण हा खरेदीदार व्यापारी नाही. व्यापाऱ्याला तोटा झाला तर तो बुडतो, आणि बुडायची भीती असते म्हणून भाव बघून बोलतो. सीसीआयला तोटा झाला तर तो भरून मिळतो. २०१४-१५ ते २०२०-२१ या हंगामांच्या हमीभाव खरेदीपोटी केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२१ मध्ये १७,४०८.८५ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आकाशातून पडत नाही. डिझेलवर, ट्रॅक्टरच्या टायरवर, फवारणीच्या औषधावर शेतकरी जो कर भरतो त्यातलाही तो आहे. २०२४-२५ मध्ये सीसीआयनं सुमारे शंभर लाख गाठींचा कापूस घेतला. १७० किलोची एक गाठ, आणि एका गाठीला सव्वापाच क्विंटलच्या आसपास कापूस. एवढा साठा एका हातात असला की सूतगिरणीला घाई राहत नाही. सीसीआय ई-लिलावात गाठी काढेल तेव्हा घेऊ, म्हणून ती थांबते. भाव वर जायची वेळ येते तेव्हा हाच साठा डोक्यावर असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा हमीभाव ६०२५ होता आणि या केंद्रांची कुणाला आठवणही नव्हती. चांगला भाव विदर्भानं पाहिला तो मागणी होती म्हणून.

आणि हमी देणारा हात एक, भाव पाडणारा हातही त्याच अंगाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क लागलं. १९ ऑगस्ट २०२५ ला ते ३० सप्टेंबरपर्यंत माफ झालं, मग माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे नेमकी आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. कारण काय, तर अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि कापड निर्यातदार अडचणीत आले. त्या पन्नासातले पंचवीस टक्के रशियाचं तेल घेतल्याबद्दल होते, आणि तो राग युक्रेनच्या लढाईचा. लढाई तिकडच्या दोन सरकारांची, दंड तिसऱ्या सरकारनं लावला, सूट चौथ्यानं गिरण्यांना दिली आणि बिल यवतमाळ-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या काट्यावर आलं. या साखळीत एकाही ठिकाणी कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही.

इथं एक स्पष्ट करायला हवं, नाहीतर गैरसमज होतो. आयात मोकळी असणं वाईट नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी खुल्या बाजाराची बाजू घेतली ती दोन्ही दारं उघडी ठेवण्याची होती. तक्रार आहे ती एकच दार उघडण्याची. एप्रिल २०१० मध्ये भाव चढले तेव्हा कापूस निर्यात रोखली, ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी आली. भाव चढला की बाहेर विकायचं नाही. भाव पडला की बाहेरून आणायला मोकळीक. दोन्ही वेळा गिरणी वाचते. गिरणीवाले व्यवसाय करतात की सरकारी कृपेची शेती, असा प्रश्न पडावा इतकी ही सवय जुनी आहे.

तिकडून येणारा अमेरिकेचा आणि ब्राझीलचा कापूस तणनाशक सोसणाऱ्या जनुकीय वाणांचा असतो. तोच वाण आपल्याकडे लावला तर गुन्हा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं असं बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला, तो याच विसंगतीवर. परवानगी नसल्यामुळे हे बियाणं बंद झालं नाही, चोरून आलं. त्यामुळे पाकिटावर खरा पत्ता नाही, उगवलं नाही तर दाद नाही, भाव विकणाऱ्याच्या मर्जीचा. बंदी घालणाऱ्यानं शेतकऱ्याचं संरक्षण काय केलं, तर पावती काढून घेतली.

कृषी केंद्रातल्या कायदेशीर बीजी-दोनच्या पाकिटावर २०२५ मध्ये ४७५ ग्रॅमला ९०१ रुपये छापलेले होते. हा भाव दिल्ली ठरवते, कापूस बियाणे भाव नियंत्रण आदेश, २०१५ नुसार. तो आदेश निघाला अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली. हा कायदा आला १९४६ च्या एका कायद्याच्या जागी, ज्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असं होतं. आणि तो आला दुसऱ्या महायुद्धातल्या १९३९ च्या भारत संरक्षण नियमांच्या जागी. महायुद्ध १९४५ ला संपलं. युद्धासाठी घेतलेली भाव ठरवण्याची सत्ता नावं बदलत आजही पाकिटावर आहे. सरकार युद्धाच्या नावानं एखादा अधिकार मागतं तेव्हा तो परत कधी आणि कोणत्या कलमानं देणार हे तेव्हाच विचारायचं असतं. नंतर विचारणाऱ्याला कोणी ओळख देत नाही.

ज्यांना वाटतं की अडते-व्यापारी हटवून सगळा कापूस सरकारनंच घ्यावा म्हणजे प्रश्न मिटेल, त्यांच्यासाठी हा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. १९७१ चा कायदा, १९७२-७३ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना. राज्यातला कापूस एकाच खरेदीदाराला विकायचा, सीमेपलीकडे न्यायचा नाही. भाव हप्त्याहप्त्यानं, काटा झाला की पैसे नाहीत, चुकाऱ्याची वाट बघायची. मध्य प्रदेशात किंवा आदिलाबादकडे भाव जास्त असला की रात्री बैलगाड्या आडवाटेनं निघायच्या, आणि आपल्याच शेतातला कापूस नेणारा माणूस तस्कर ठरायचा. भाव सरकारी, काटा सरकारी, रांग सरकारी, आणि दुसरं गिऱ्हाईक बेकायदा. तोटा साचत गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. शेतकरी संघटनेच्या ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेमागं हा अनुभव होता. आजचं सीसीआय त्यापेक्षा नक्कीच बरं, आणि बरं असण्याचं मुख्य कारण हे की जिनिंगच्या दारात दुसरा खरेदीदार उभा असतो. तो गेला तर वरचे चार गुणही जातील.

बुडणाऱ्याला सरकारी पैशानं वाचवण्याचं काय होतं तेही इथल्याच बंद गिरण्यांवरून दिसतं. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी १८७७ ला सुरू केली. १९८६ ला आजारी गिरणी म्हणून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळानं घेतली, २००२ ला बंद. १९७४ ला केंद्रानं देशातल्या १०३ गिरण्या राष्ट्रीयीकृत केल्या, त्यातून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाचा पसारा वाढला. त्याच महामंडळाची अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती कामगारांच्या उपोषणांनीही चालू होईना. प्रत्येक वेळी कामगार वाचवतो असं सांगितलं गेलं. वाचलं ते कर्ज देणाऱ्या बँकेचं आणि निर्णय लांबवणाऱ्या खात्याचं तोंड. शेतकरी कर्जमाफीही याच रांगेत बसते, हे कटू आहे पण म्हणायला हवं. २००८, २०१७, २०१९, तिन्ही वेळा पैसा आधी बँकेच्या ताळेबंदात गेला, आणि नियमित फेडणारा मूर्ख ठरला. उद्योगपतीच्या माफीला विरोध आणि आपल्या माफीला टाळ्या, ही भूमिका टिकत नाही. भाव पाडायचं थांबवा, माफी नको, ही टिकते.

सरकारला मदत करायचीच असेल तर गोदाम, ग्रेडर, स्लॉट, लिलाव या भानगडीत न पडता पेरलेल्या एकरावर रक्कम खात्यात टाकावी आणि कापूस कोणाला विकायचा ते शेतकऱ्यावर सोडावं. तेलंगणानं २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेत एकरी रक्कम द्यायला सुरुवात केली. त्यातही मालकाला पैसे आणि मक्तेदाराला ठेंगा हा दोष होताच, पण निदान बाजारात दुसरा भाव उभा राहत नाही. व्यापारी प्रामाणिक असतात असं यातून कोणी काढू नये. काट्यात मारणारे, ओलाव्याच्या नावानं अंदाजे कापणारे, चुकाऱ्याला पंधरा दिवस फिरवणारे भरपूर आहेत. कारंज्यात १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला तोही काटा आणि सौदा सगळ्यांसमोर असावा म्हणून. तेवढं काम सरकारनं नीट केलं, मापं तपासली, करार मोडणाऱ्याला वेळेत शिक्षा केली, तर बाकीचं बरंच आपोआप होईल.

हंगामातला माल कसा वाटायचा, तर : पहिली आणि दुसरी वेचणी, दर्जा राखून, मर्यादेत बसेल तेवढी सीसीआयला. तिसरी, कवडी आणि डागी माल खासगीत, दोन-तीन ठिकाणचे भाव विचारून, रोख किंवा त्याच दिवशीच्या चुकाऱ्यावर. पाणी आहे म्हणून फरदड राखायचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवायचा मोह टाळावा. गुलाबी बोंडअळीला उन्हाळाभर घर मिळतं आणि त्या कापसाचा दर्जा केंद्रावर टिकतही नाही. स्लॉट मिळायला उशीर होत असेल आणि खासगी भाव चढून हमीभावापेक्षा दोन-तीनशेच कमी उरला असेल तर वाट बघू नये, विकावं. साठवलेल्या कापसाला आग, उंदीर आणि व्याज, तिन्ही लागतं.

केंद्रावरून निघण्याआधी काटापावती आणि हिशोबपट्टी हातात घेऊन तिथंच वाचावी. नाव आधारवरचंच आहे का, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही लिहिलं आहे का, ओलाव्याचा आकडा तोंडी सांगितला तोच आहे का, कोणता दर्जा लावला, दर कापून उरलेला भाव किती. रिकामी गाडी मोजताना ताडपत्री, दोर, ड्रायव्हर भरलेल्या वेळी होते तसेच असावेत. भरलेल्या वेळी खाली उतरलेला माणूस रिकाम्या वेळी गाडीत बसला की त्याचं वजन आपल्या कापसातून जातं. फरक दिसला तर गाडी काट्यावर असतानाच बोलावं आणि पट्टीचा फोटो काढून ठेवावा. फाटकाबाहेर आल्यावर ती तक्रार फक्त अर्ज होते.